एकाच पॅकेटच्या दोन नोंदी

फायरवॉलच्या सगळ्या इंटरफेसवरचे आकडे एकत्र मिळवले की येणारी बेरीज हमखास चुकते. मध्यम आकाराच्या एखाद्या कार्यालयाचा फायरवॉल घ्या. त्याला इंटरनेटच्या दोन लाइन आहेत: एक लीज्ड लाइन आणि दुसरी अडीअडचणीला ठेवलेली ब्रॉडबँड. आतल्या बाजूला कर्मचाऱ्यांचे नेटवर्क, सर्व्हरचे वेगळे व्हीलॅन, पाहुण्यांचे वायफाय आणि सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे आणखी एक व्हीलॅन. शिवाय शाखेला जोडणारा व्हीपीएनचा टनेल. त्याला केबल नसते, पण इंटरफेसच्या यादीत तो असतो. कुणी एक जीबीची फाइल उतरवली की ती बाहेरच्या लाइनवर आत येताना मोजली जाते आणि आतल्या व्हीलॅनवर बाहेर पडताना पुन्हा मोजली जाते. ते व्हीलॅन ज्या मूळ पोर्टवर बसवले आहे तो पोर्टही यादीत असेल तर तिसऱ्यांदा. फाइल शाखेकडून आली असेल तर बाहेरच्या लाइनवर ती कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट होऊन, जादा हेडरचे वजन घेऊन येते आणि टनेलवर उलगडून पुन्हा दिसते. फाइल एक, नोंदी चार, आणि चारही नोंदी खऱ्या.

नवख्या माणसाला हा घोळ वाटतो. मला मात्र फायरवॉलवर देखरेख करण्याचे खरे कारणच यात दिसते. पॅकेटची आवक कोणत्या दारातून झाली आणि जावक कोणत्या दारातून, या दोन्ही नोंदी शेजारी ठेवता येतील अशा जागा नेटवर्कमध्ये फार थोड्या असतात. मध्ये पत्ता बदललेला असतो, कुलूप लागलेले किंवा उघडलेले असते, आणि काही पॅकेटना तर जावकच नसते, कारण नियमाने ती अडवलेली असतात. म्हणून देखरेखीच्या प्रत्येक पद्धतीला मी एकच प्रश्न विचारतो: या दोन नोंदींची जोडी ती लावून देते का, आणि किती खात्रीने?

अनेक वाटांवर एकाच वेळी नजर ठेवण्याची गरज फायरवॉल हा शब्द रुळण्याआधीची आहे. १९८६ साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल यांच्याकडे हिशेबातली ७५ सेंटची तफावत शोधण्याचे काम आले. कुणीतरी परका माणूस संगणकात शिरतो आहे हे कळले, पण कोणत्या लाइनने ते कळेना. बाहेरून येणाऱ्या लाइन सुमारे ५० होत्या. स्टॉल यांनी शनिवार-रविवारची सुट्टी साधून सहकाऱ्यांच्या टेबलांवरचे प्रिंटर आणि टर्मिनल गोळा केले आणि प्रत्येक लाइनला एकेक जोडला. त्यातल्या एकाच लाइनच्या कागदावर घुसखोराचे सगळे टंकन उमटले. पुढे तो माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत गेला. याच प्रयोगशाळेत १९८८ च्या सुमारास व्हॅन जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीसीपीडंप हे पॅकेट पकडून दाखवणारे साधन लिहिले. नंतर स्टीव्हन मॅक्कॅन आणि जेकबसन यांनी बीएसडी पॅकेट फिल्टर बांधला. त्यावरचा त्यांचा निबंध १९९३ च्या युजेनिक्स परिषदेत मांडला गेला. नको असलेली पॅकेट कर्नलमध्येच गाळायची आणि हवी तेवढीच वर पाठवायची, ही त्यातली कल्पना आजही जवळजवळ प्रत्येक फायरवॉलच्या पोटात आहे.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत काउंटरची. प्रत्येक इंटरफेसवर किती बाइट आत आले, किती बाहेर गेले, किती पॅकेट चुकीची निघाली, किती टाकून द्यावी लागली हे आकडे एसएनएमपीने विचारायचे आणि आलेख काढायचा. टोबियास ओटिकर यांनी १९९५ साली एमआरटीजी खुले केले आणि दर पाच मिनिटांच्या सरासरीचा हिरवा-निळा आलेख जगभरच्या सर्व्हर-रूममध्ये पोहोचला. आज साधने बदलली आहेत, पण पाच मिनिटांची सवय अजून सुटलेली नाही. ती सुटायला हवी. पाच मिनिटांपैकी वीस सेकंद लाइन गच्च भरली आणि बाकी वेळ ती रिकामी राहिली तर आलेखात शांतता दिसते. त्या वीस सेकंदांत ज्यांचा व्हिडिओ कॉल तुटला त्यांची तक्रार मग खोटी ठरवली जाते.

काउंटरची दुसरी अडचण आकाराची. जुने काउंटर ३२ बिटांचे. सुमारे ४२९ कोटी बाइट झाले की ते शून्यावर येतात. १० मेगाबिटच्या भरलेल्या लाइनवर याला ५७ मिनिटे लागतात, १०० मेगाबिटवर ५.७ मिनिटे, आणि एक गिगाबिटवर अवघे ३४ सेकंद. म्हणजे गिगाबिटच्या पोर्टला दर पाच मिनिटांनी ३२ बिटांचा आकडा विचारला, तर मधल्या काळात तो आठ वेळा फिरून आलेला असू शकतो. ६४ बिटांचे काउंटर नव्वदच्या दशकातच प्रमाणित झाले. तरीही जुना साचा तसाच पुढे वापरल्यामुळे ३२ बिटांवर चाललेले आलेख आजही सापडतात. बाहेरची लाइन ५० मेगाबिटची असते तोवर कुणाला कळत नाही. आतले व्हीलॅन गिगाबिटचे असते आणि त्याचा आलेख वर्षानुवर्षे चूक दाखवत राहतो.

जोडी लावण्याच्या कामात मात्र काउंटर कमी पडतात. लीज्ड लाइन भरली हे ते सांगतील. आतल्या कोणत्या व्हीलॅनने भरली हे ताडायला दोन आलेख एकाखाली एक ठेवून उंचवटे जुळवावे लागतात. एवढ्यानेही पुष्कळ कळते, म्हणून सर्व इंटरफेसचे आलेख एकाच वेळपट्टीवर एका पानावर असावेत, असा माझा आग्रह असतो. सर्व्हर-व्हीलॅनवर जावक वाढलेली नाही, आतल्या इतर कोणत्याही इंटरफेसवरही नाही, तरी बाहेरच्या लाइनवर आवक तुडुंब आहे, असे दिसले तर ती पॅकेट फायरवॉलच्या दारातच मरत आहेत. हा हल्ला असू शकतो. हे एका आलेखावरून कधीच कळले नसते.

यापुढची पायरी फ्लोची. सिस्कोने १९९६ मध्ये नेटफ्लो आणले. पॅकेटमधला मजकूर न ठेवता कुणी, कुणाशी, कोणत्या पोर्टवर, किती वेळ, किती बाइटचे बोलणे केले एवढीच नोंद ठेवायची, अशी ही पद्धत. तिची नववी आवृत्ती २००४ मध्ये आरएफसी म्हणून प्रसिद्ध झाली आणि तिच्यावरून आयपीफिक्स हे सर्वांसाठीचे प्रमाण घडले. आपल्या विषयाच्या दृष्टीने नेटफ्लोमधली मोलाची गोष्ट अशी की फ्लोची ओळख ठरवणाऱ्या सात गोष्टींमध्ये आवक झालेला इंटरफेस आहे आणि जावकीचा इंटरफेसही त्याच नोंदीत लिहिला जातो. म्हणजे आवक-जावक नोंदवहीतली दोन पाने इथे एका ओळीत येतात.

पण ही ओळ सहज बिघडते. सगळ्या इंटरफेसवर फक्त आवक मोजली तर प्रत्येक पॅकेट एकदाच मोजले जाते. उत्साहाच्या भरात आवक आणि जावक दोन्ही चालू केली की सगळे दुप्पट. पत्ते बदलणाऱ्या नॅटमुळे ही दुप्पट लपूनही राहते, कारण आतल्या नोंदीत कर्मचाऱ्याच्या संगणकाचा पत्ता असतो आणि बाहेरच्या नोंदीत फायरवॉलचा. दोन वेगळी संभाषणे झाली असे अहवाल सांगतो. म्हणून ओपीएनसेन्ससारख्या फायरवॉलमध्ये नेटफ्लो चालू करताना बाहेरचे इंटरफेस कोणते हे वेगळे सांगावे लागते. आयपीफिक्समध्ये नॅटनंतरचा पत्ता लिहायला स्वतंत्र रकाने आहेत. उपकरण ते भरत असेल तर अवश्य मागून घ्यावेत. बाहेरून एखादी तक्रार येते तेव्हा त्यात फक्त फायरवॉलचा सार्वजनिक पत्ता, पोर्ट आणि वेळ असते, आणि आतला संगणक शोधायला दुसरा दुवा नसतो.

फ्लोच्या वेळेचाही एक सापळा आहे. सिस्कोच्या उपकरणांवर लांब चाललेल्या फ्लोची नोंद पाठवण्याची मूळ मुदत ३० मिनिटांची असते. रात्रीचा दोन तासांचा बॅकअप मग चार ढिगांत दिसतो. ज्या क्षणी ढीग दिसतो त्या क्षणी लाइन भरलेली असेलच असे नाही. ही मुदत एका मिनिटावर आणली की आलेख काउंटरशी जुळू लागतो. तंतोतंत मात्र जुळणार नाही, कारण इंटरफेसचा काउंटर इथरनेटच्या चौकटीसकट बाइट मोजतो आणि नेटफ्लो आयपी पॅकेटपासून पुढे. मोठ्या पॅकेटवर हा फरक किरकोळ असतो. फोन-कॉलच्या चिमुकल्या पॅकेटवर चांगला जाणवतो. सॅम्पलिंग चालू असेल, म्हणजे हजारातले एकच पॅकेट पाहून अंदाज बांधला जात असेल, तर मोठ्या ट्रॅफिकचे चित्र ठीक येते, पण घुसखोराची चार पॅकेटची चाचपणी त्यातून निसटते. क्षमतेचे नियोजन करायचे असेल तर सॅम्पलिंग चालेल. सुरक्षेसाठी मी ते स्वीकारणार नाही.

आणखी एक क्षुल्लक वाटणारी बाब म्हणजे इंटरफेसचा क्रमांक. फ्लोच्या नोंदीत नाव नसते, क्रमांक असतो, आणि काही उपकरणांवर रीबूटनंतर किंवा नवे व्हीलॅन जोडल्यावर तो बदलतो. मग पाहुण्यांच्या वायफायचे ट्रॅफिक सर्व्हरच्या नावावर चढते. क्रमांक कायम ठेवण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. ती चालू आहे का हे एकदा पाहून घ्यावे.

फ्लोने माणूस कळतो, पण अडचण कुठे झाली हे कळायला शेवटी पॅकेटच पकडावे लागते. इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत, आणि त्यांचे मूळ एका साध्या प्रश्नात आहे: पकडणारा नेमका कुठे उभा आहे? लिनक्सवर काय किंवा बीएसडीवर काय, टीसीपीडंपला येणारे पॅकेट फायरवॉलचे नियम लागण्याआधी दिसते आणि जाणारे पॅकेट नियम लागून झाल्यावर. म्हणून बाहेरच्या इंटरफेसवर पॅकेट दिसले याचा अर्थ फायरवॉलने ते सोडले असा होत नाही. ‘टीसीपीडंपमध्ये तर येतंय, मग सर्व्हर उत्तर का देत नाही?’ हा प्रश्न ज्याने ऐकला नाही असा नेटवर्कवाला सापडणे कठीण. त्याचे उत्तर दुसऱ्या इंटरफेसवर असते. बाहेर आवक आहे आणि आत जावक नाही, तर पॅकेट फायरवॉलमध्ये राहिले. आत जावक आहे पण सर्व्हरचे उत्तर आतल्या इंटरफेसवर परत येत नाही, तर सर्व्हर किंवा त्याचा गेटवे तपासा. उत्तर आत येते पण बाहेर पडते दुसऱ्याच लाइनने, तर दोन इंटरनेट जोडण्यांचा नेहमीचा आजार झाला आहे: आवक एका दाराने, उत्तर दुसऱ्या दाराने, आणि पलीकडचा माणूस अनोळखी पत्त्यावरून आलेले उत्तर टाकून देतो.

दोन लाइनच्या मांडणीत लिनक्सवर आणखी एक चकवा आहे. उलट मार्गाची कडक तपासणी चालू असेल तर ‘चुकीच्या’ लाइनने आलेले पॅकेट मार्ग ठरवतानाच टाकले जाते. टीसीपीडंपमध्ये ते दिसते, फायरवॉलच्या अडवलेल्या पॅकेटच्या लॉगमध्ये दिसत नाही, आणि शोधणारा नियम तपासत बसतो. कर्नलला अशी संशयित पॅकेट लॉगमध्ये लिहायला वेगळे सांगावे लागते.

व्यावसायिक फायरवॉलनी पकडण्याची ही जागा स्पष्ट केली आहे, आणि त्याबद्दल त्यांना श्रेय द्यायला हवे. चेक पॉइंटचे ‘एफडब्ल्यू मॉनिटर’ एकाच पॅकेटच्या चार अवस्था दाखवते: आवकीच्या तपासणीआधी, तपासणीनंतर, जावकीच्या तपासणीआधी आणि तपासणीनंतर. पहिली अवस्था दिसली आणि दुसरी नाही, तर आवकीच्या तपासणीतच पॅकेट थांबले. पालो आल्टोमध्ये घेणे, तपासणे, पाठवणे आणि टाकणे अशा चार ठिकाणी वेगवेगळ्या फाइलमध्ये पकड घेता येते. फोर्टिगेटच्या स्निफरला ‘एनी’ इंटरफेस आणि चौथी पातळी दिली की प्रत्येक पॅकेटपुढे इंटरफेसचे नाव आणि दिशा छापून येते. मात्र वेगासाठी संभाषण खास चिपकडे सोपवले गेले असेल, तर सुरुवातीची काही पॅकेट दिसून पुढे शांतता पसरते. संभाषण तुटलेले नसते, फक्त ते प्रोसेसरच्या नजरेआडून चाललेले असते. तपासणीपुरते त्या पॉलिसीवरचे ऑफलोड बंद करावे लागते.

लिनक्सवरचा ‘एनी’ सोयीचा आहे, पण त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नये. त्यात मूळ पोर्ट आणि त्यावरचे व्हीलॅन, ब्रिज आणि त्याचे सदस्य सगळे एकत्र येतात, त्यामुळे एकच पॅकेट दोनदा-तीनदा दिसते आणि नवखा माणूस ते रीट्रान्समिशन समजतो. जुन्या टीसीपीडंपमध्ये तर कोणते पॅकेट कोणत्या इंटरफेसचे हे छापलेच जात नसे. २०२० च्या अखेरीस आलेल्या ४.९९ आवृत्तीपासून नाव आणि दिशा दिसू लागली. नंतर वायरशार्कमध्ये नीट वाचायचे असेल तर पीकॅप-एनजी प्रकारच्या फाइलमध्ये पकड घ्यावी, कारण त्यात प्रत्येक पॅकेटसोबत इंटरफेसची ओळख टिकते. आयपीसेकचे टनेल साध्या पद्धतीने बांधले असेल तर लिनक्सवर अजून एक विषमता भेटते: येणारे पॅकेट एकाच इंटरफेसवर आधी कुलूपबंद आणि मग उघडे असे दोनदा दिसते, पण जाणारे फक्त कुलूपबंद. बीएसडीवर उघडी पॅकेट पाहायला वेगळा ‘एन्क’ इंटरफेस दिलेला आहे.

लॉगबद्दल थोडक्यात. बहुतेक ठिकाणी अडवलेल्या पॅकेटचा लॉग चालू असतो आणि सोडलेल्यांचा बंद. बाहेरच्या इंटरफेसवर अडवलेल्यांची नोंद म्हणजे जगभरच्या स्कॅनरचा अखंड गलबला, आणि त्याने डिस्क भरते. मी वेगळी मांडणी करतो: बाहेरून अडवलेल्यांची फक्त मोजदाद, आणि आतून अडवलेल्यांची संपूर्ण नोंद. आतला एखादा प्रिंटर किंवा कॅमेरा जिथे जायला नको तिथे जायचा प्रयत्न करतो, तेव्हा ती एक ओळ बाहेरच्या लाखभर ओळींपेक्षा मोलाची असते. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने लाखो कॅमेरे आणि व्हिडिओ रेकॉर्डर ताब्यात घेतले तेव्हा ती यंत्रे टेलनेटच्या २३ आणि २३२३ या पोर्टवर नवी सावजे शोधत बाहेर पॅकेट फेकत होती. कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनमधून काय बाहेर जाते हे ज्यांनी कधीच पाहिले नव्हते त्यांना आपले कॅमेरे काय करत आहेत याचा पत्ताही नव्हता.

आतल्या इंटरफेसची बाजू मी आग्रहाने मांडतो त्याला पुण्याचेही एक कारण आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ११ तारखेला अनेक देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. १३ तारखेला स्विफ्टमार्फत हाँगकाँगमधल्या खात्यात जवळजवळ १४ कोटी वळवले गेले. एटीएमच्या व्यवहारांत पैसे देण्याच्या विनंत्या कोअर बँकिंगपर्यंत पोहोचल्याच नाहीत. मध्ये उभ्या केलेल्या बनावट पेमेंट-स्विचने त्यांना परस्पर मंजुरी दिली. अशा चोरीची खूण जोडी मोडण्यात असते. पेमेंट नेटवर्ककडून येणाऱ्या विनंत्या वाढतात आणि त्याच वेळी कोअर बँकिंगकडे जाणारे प्रश्न तेवढे वाढत नाहीत. बाहेरच्या लाइनवर कितीही महागडी यंत्रणा बसवली तरी ही विसंगती तिथे एकटीने दिसणार नाही. महत्त्वाच्या दोन यंत्रणांच्या मध्ये फायरवॉलचा इंटरफेस असेल आणि दोन्ही बाजूंची मोजणी एकत्र पाहिली जात असेल, तरच ती पकडण्याची संधी मिळते. सहकारी बँका, पतसंस्था, साखर कारखाने अशा संस्थांच्या नेटवर्कमध्ये सगळे सर्व्हर एकाच सपाट लॅनवर असतील, तर देखरेखीचे साधन घेण्याआधी तो सपाटपणा मोडावा.

घुसखोरी ओळखणाऱ्या साधनांनाही हेच लागू आहे. स्नॉर्ट १९९८ पासून आहे, सुरिकाटा आणि झीक आज जोरात आहेत. ती बाहेरच्या इंटरफेसवर बसवली की नॅटमुळे आतले सगळे संगणक एकाच पत्त्याचे होतात, आणि नियम जी अडवणारच होते अशा पॅकेटवर इशाऱ्यांचा पाऊस पडतो. आतल्या इंटरफेसवर बसवली की इशारा येतो तेव्हा संगणकही कळतो. मजकूर मात्र आता फारसा दिसत नाही. २०१८ च्या टीएलएस १.३ ने प्रमाणपत्रही झाकले, २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विकने संभाषणाची बरीच अंगे यूडीपीच्या आत कुलूपबंद केली. उरते ती दिशा, आकार, वेळ आणि लय. लेखा विभागातला संगणक रात्री दोन वाजता आत येणाऱ्या डेटाच्या दसपट डेटा बाहेर पाठवतो हे कळायला कुलूप उघडावे लागत नाही. लोकांचे खासगी बोलणे न वाचता देखरेख करता येते ही यातली चांगली बाजू, आणि ती जपावी असे मला मनापासून वाटते.

जोडी लावायची तर घड्याळ एक हवे. फायरवॉल भारतीय वेळेत लिहितो, फ्लो गोळा करणारा सर्व्हर जागतिक वेळेत, आणि साडेपाच तासांच्या फरकाने दोन नोंदी एकमेकींना भेटतच नाहीत. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी घड्याळे जुळवणे, १८० दिवसांचे लॉग भारतात जपणे आणि घटना कळल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक केले. १८० दिवसांची पूर्ण पॅकेट साठवणे लहान संस्थेच्या आवाक्यातले नाही. फ्लो आणि निवडक लॉग सहज साठतात. साठवण फायरवॉलवर नको. त्याच्या प्रोसेसरवर आलेख, अहवाल आणि डेटाबेस लादले की गर्दीच्या वेळी आधी पॅकेट सुटतात आणि मग नोंदी. नेमकी तीच वेळ तपासायची असते.

फायरवॉलला न दिसणारे एक मोठे क्षेत्र उरते. एकाच व्हीलॅनमधले दोन संगणक एकमेकांशी बोलतात तेव्हा ते ट्रॅफिक स्विचवरूनच परस्पर जाते. फायरवॉलच्या एकाही इंटरफेसवर त्याची नोंद होत नाही. रॅन्समवेअर एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर याच वाटेने जाते. तिथली नोंद स्विचकडून मागवावी लागते: २००१ मध्ये आरएफसी म्हणून प्रसिद्ध झालेला एसफ्लो बऱ्याच व्यवस्थापित स्विचमध्ये मिळतो, नाहीतर एका पोर्टवर सगळ्याची प्रत काढून ती वेगळ्या यंत्राला देता येते. स्विचचा एसफ्लो फायरवॉलच्या फ्लोबरोबर एकाच सर्व्हरवर, एकाच घड्याळाने गोळा केला की ज्या आतल्या संभाषणाला फायरवॉलवर नोंदच नाही, ते पहिल्यांदा यादीत येते.